तोच प्रश्न, दोन वस्त्यांत

इंद्रपुरी भोपाळच्या पूर्वेला, रायसेन रोडच्या बाजूने वसलेली. पिपलानी, सोनागिरी, बरखेडा, गोविंदपुरा हा सगळा भेलचा, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा मुलूख. युनियन कार्बाईडचा कारखाना शहराच्या उत्तरेला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथल्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाईल आयसोसायनेट सुटलं आणि वाऱ्याने ते जुन्या शहरात, रेल्वे स्टेशनकडे नेलं. पुढे सरकारने शहरातल्या ५६ पैकी ३६ वॉर्ड गॅसपीडित ठरवले. भेलचा पट्टा त्यात नव्हता. त्या रात्रीनंतरची गर्दी, धावपळ, रुग्णांचे लोंढे या भागाने पाहिले. पण गॅस इथल्या लोकांच्या छातीत गेला नाही.

प्रश्नावली आणि मुलाखत ही मानसशास्त्राची सर्वात स्वस्त आणि म्हणूनच सर्वात जास्त वापरली जाणारी हत्यारं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर भोपाळइतकं बोलकं उदाहरण आपल्या देशात दुसरं नाही. आणि भोपाळची ही गोष्ट सांगायची तर कारखान्याच्या भिंतीपासून सुरुवात करून चालत नाही. शहराच्या या टोकापासून, ज्यांना काही झालं नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते. का, ते पुढे येईल.

आधी परिस्थिती काय होती ते पाहू. दुर्घटना झाली तेव्हा मध्य प्रदेशातल्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एकातही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. पहिले काही आठवडे डोळे, फुफ्फुसं आणि अंत्यविधी यांतच गेले. मनाचं काय, हा प्रश्न भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, पुढे आणला. फेब्रुवारी १९८५ मध्ये बंगळूरच्या निम्हान्समधून डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आले, लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातून डॉ. बी. बी. सेठी यांचा गट आला. लाखोंच्या शहरात मोजके तज्ज्ञ. प्रत्येकाशी तासभर बोलायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. अशा वेळी प्रश्नावली उपयोगी पडते.

लखनौच्या गटाने जी प्रश्नावली हाती घेतली ती जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली होती. २४ प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. डोकं वारंवार दुखतं का, भूक मंदावली आहे का, झोप नीट लागते का, हात थरथरतात का, रडू जास्त येतं का, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं का, अशा धाटणीचे. ही प्रश्नावली परदेशात बसून लिहिलेली आणि आपल्यावर लादलेली नव्हती. १९८० च्या आधी ती ज्या चार विकसनशील देशांत तपासली गेली त्यांत भारत होता आणि आपल्याकडचं ठिकाण होतं हरियाणातलं रायपूर रानी. गावच्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यालाही वापरता यावी, हाच तिचा हेतू. या जातीच्या प्रश्नावल्यांचा मूळपुरुष पहिल्या महायुद्धातला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ याने सैन्यात भरती होणाऱ्यांपैकी कोण तोफांच्या माऱ्यात कोसळेल हे आधी ओळखण्यासाठी १९१७ च्या सुमारास शंभरावर हो-नाही प्रश्नांची यादी केली होती. ती तयार होईपर्यंत युद्ध संपलं, ही गोष्ट वेगळी.

भोपाळमधली पद्धत साधी होती. गॅसपीडित भागातले दहा सर्वसाधारण दवाखाने निवडले. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांचा गट आळीपाळीने एकेका दवाखान्यात जाई आणि नव्याने नाव नोंदवणाऱ्या प्रौढ रुग्णांना ते २४ प्रश्न विचारी. एकूण ८५५ जण. त्यांतले २५९ 'संशयित' निघाले. या २५९ जणांना दुसऱ्या टप्प्याला बोलवायचं होतं, तो टप्पा म्हणजे सविस्तर मुलाखत. ४४ जणांची तपासणी होऊ शकली नाही. उरलेल्या २१५ पैकी १९३ जणांना मानसिक आजार असल्याचं निदान झालं. १९३ भागिले ८५५, म्हणजे २२.६ टक्के. हाच आकडा पुढे सगळीकडे छापला गेला.

तो आकडा जरा उलटसुलट करून पाहण्यासारखा आहे. प्रश्नावलीने बोट दाखवलेल्या दर दहांपैकी एक जण मुलाखतीत निरोगी निघाला. म्हणजे प्रश्नावलीची चाळणी बरी होती, पण तिच्यावरच थांबलं असतं तर फुगलेला आकडा हाती आला असता. दुसरीकडे, जे ४४ जण तपासता आले नाहीत ते या टक्केवारीत आपोआप निरोगी धरले गेले आहेत. त्यांच्यातही आजाराचं प्रमाण बाकीच्यांइतकंच असेल असं मानलं तर आणखी चाळीसेक रुग्ण वाढतात आणि टक्केवारी २७ च्या आसपास जाते. म्हणून सर्वेक्षणाचा आकडा वाचताना सापडले किती यापेक्षा निसटले किती हे आधी शोधावं. निसटलेले लोक सहसा तळटीपेत असतात.

दुसऱ्या टप्प्यावरची मुलाखत म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. लंडनचे जॉन विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली 'प्रेझेंट स्टेट एक्झॅमिनेशन' ही पद्धत वापरली गेली. तिच्यात १४० लक्षणांची यादी आहे. सुरुवातीचे प्रश्न ठरलेले आहेत. पण उत्तर मिळाल्यावर खोदून विचारायचं की पुढे जायचं हे मुलाखतकाराने ठरवायचं. शेवटी लक्षण आहे की नाही, हा निर्णय उत्तर देणाऱ्याचा नसतो, विचारणाऱ्याचा असतो. प्रश्नावलीत 'हो' म्हटलं की 'हो'. मुलाखतीत 'हो' ही फक्त सुरुवात.

एकच प्रश्न घेऊ, झोपेचा. समजा, एका बाईने झोप लागत नाही याला 'हो' म्हटलं. कागदावर एक गुण पडला. मुलाखतकार मात्र विचारतो, केव्हापासून? त्या रात्रीच्या आधी कशी होती? पडल्यापडल्या लागत नाही की मध्येच जाग येते? जाग कशाने येते, खोकल्याने की स्वप्नाने? स्वप्नात काय दिसतं? आणि पहाटे चारला उठता ते मनाला चैन नाही म्हणून की नळाला पाणी तेव्हाच येतं म्हणून? या पाचसहा प्रश्नांत तीन निरनिराळ्या बायका वेगळ्या होतात. एकीची फुफ्फुसं जळली आहेत, दुसरीला पळणाऱ्या माणसांची स्वप्नं पडतात, तिसरीच्या वस्तीत पाण्याची बोंब आहे. प्रश्नावलीच्या तक्त्यात तिघी एकाच रकान्यात.

भोपाळमध्ये ही अडचण नेहमीपेक्षा कितीतरी मोठी होती. मनाच्या आजाराची प्रश्नावली शरीराच्या तक्रारींवर बरीच टेकलेली असते. थकवा, डोकेदुखी, भूक न लागणं, पोट बिघडणं. सर्वसाधारण माणसात या तक्रारी उदासीचं किंवा चिंतेचं लक्षण असू शकतात. पण ज्याच्या श्वासनलिका विषारी वायूने पोळल्या आहेत तो थकणारच. त्याचा थकवा मनाच्या खात्यात मांडला तर शरीराच्या आजारावर पांघरूण पडतं. आणि शरीराच्या खात्यात मांडला तर मनाकडे कुणी बघत नाही. श्रीनिवास मूर्तींनी सुरुवातीच्या पाहणीत जे चार प्रकार मांडले, त्यांत आघातानंतरचा ताण, न ओसरणारा शोक आणि आधीच्या आजारांचं बळावणं यांच्या जोडीला शारीरिक दुखण्यामुळे येणारी मानसिक प्रतिक्रिया हाही वेगळा प्रकार होता. हा फरक कागदावरच्या खुणांतून हाती येत नाही, समोर बसूनच कळतो.

शिवाय या प्रश्नावलीची रचना अशी, की तिच्यात 'हो' म्हणजे नेहमीच आजार. मोठ्या डॉक्टरसाहेबांपुढे बसलेला गरीब माणूस सहसा नाही म्हणत नाही. ते विचारताहेत म्हणजे काहीतरी असणार, या भावनेने तो 'जी हाँ' म्हणत जातो. यावर उपाय म्हणजे काही प्रश्न उलटे घालणं. नुसतं हो-हो म्हणणारा त्यात पकडला जातो. अलीकडच्या बऱ्याच मापनश्रेणींत असे उलटे प्रश्न असतात. मात्र अर्धशिक्षित माणसाला उलटा प्रश्न तोंडी विचारला की तोच गोंधळतो. नकारार्थी प्रश्नाला दिलेलं 'हो' कशाचं समजायचं? ज्याने कधी वस्तीत उभं राहून फॉर्म भरला आहे त्याला हे कोडं चांगलं ठाऊक असतं. पुस्तकातले उपाय वर्गात चालतात. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे सासू शेजारी बसली आहे, दारात चार मुलं उभी आहेत आणि पलीकडच्या खोलीतली शेजारीण कान देऊन ऐकते आहे, तिथे सून जगावंसं वाटतं का या प्रश्नाला काय उत्तर देणार?

आता शहराच्या ज्या टोकाला गॅस पोहोचला नाही तिकडे येऊ.

मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने भोपाळमध्ये स्वतंत्र पाहणी केली. या गटाचं सेवाग्रामशी, पुण्याशी जवळचं नातं, डॉ. अनंत फडके, डॉ. अभय बंग ही नावं मराठी वाचकाला परिचयाची आहेत. त्यांनी दोन वस्त्या घेतल्या. एक जयप्रकाश नगर, कारखान्याच्या अगदी समोर. दुसरी अण्णा नगर, कारखान्यापासून दहाएक किलोमीटरवर, भेलच्या बाजूला. दोन्हीकडे तेच प्रश्न, त्याच पद्धतीने. खोकला, धाप, डोळ्यांची जळजळ यांच्या बरोबरीने स्मरण कमी होणं, चिंता, उदासी हेही विचारलं.

अण्णा नगर का? शेजारचे भेलचे पक्के क्वार्टर का नाहीत? तुलनेसाठी गॅस न लागलेली माणसं हवीत, तर भेलच्या कामगाराचं कुटुंब काय वाईट होतं? वाईट हेच की त्याला दरमहा पगार होता, कंपनीचं कस्तुरबा हॉस्पिटल होतं, पक्कं घर होतं. जयप्रकाश नगरातल्या हातावर पोट असलेल्या माणसाशी त्याची तुलना केली असती तर फरक भरपूर दिसला असता, पण तो गॅसचा की गरिबीचा हे सांगता आलं नसतं. झोपडपट्टीची तुलना झोपडपट्टीशीच व्हायला हवी. चुलीचा धूर तोच, विडी तीच, क्षयाची भीती तीच. वेगळा फक्त तो वारा. अण्णा नगरातही लोक खोकत होते, थकत होते. त्यांचं ते खोकणं मोजलं म्हणूनच जयप्रकाश नगरातलं जास्तीचं खोकणं वेगळं काढता आलं. इंद्रपुरीतल्या एखाद्या कॉलेजात आज मानसशास्त्राचा प्रकल्प करणारा विद्यार्थी व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म फिरवतो, वर्गमित्रांकडून शंभर उत्तरं गोळा करतो आणि ताणाचं प्रमाण साठ टक्के असं लिहितो. साठ कशाच्या तुलनेत, हे त्याला कुणी विचारत नाही. प्रश्न छान बनवण्यावर पुस्तकं भरभरून लिहिली जातात. माझ्या मते प्रश्न मध्यम दर्जाचे असले तरी चालतात. तुलनेची माणसं चुकली तर मात्र काहीच वाचत नाही.

फरक गॅसचा की गरिबीचा, हा एक संशय. दुसरा संशय त्याहून जुना आणि जास्त टोचणारा. भरपाईसाठी सांगतात हो! शहराच्या न भोगलेल्या भागात हे वाक्य सर्रास ऐकू यायचं, आणि डॉक्टरांच्या तोंडीही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९० पासून ३६ वॉर्डांतल्या लोकांना माणशी महिना २०० रुपये अंतरिम मदत सुरू झाली. उत्तरात पैसा गुंतला की उत्तर वाकतं, यात नवल काही नाही. संशोधकाने मग काय करायचं? सगळ्यांना खोटं ठरवायचं?

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १९९४ मध्ये भोपाळमध्ये जे काम केलं त्यात याचं फार सुरेख उत्तर आहे. ते १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालं. ४५४ प्रौढ, कारखान्यापासूनच्या अंतरानुसार गट पाडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले. त्यांना श्वसनाच्या तक्रारी विचारल्या आणि त्यांतल्या काहींची फुफ्फुसांची क्षमता फुंकून मोजली. तक्रारींचं प्रमाण कारखान्यापासून जसजसं लांब जावं तसतसं कमी होत गेलं. मदत मात्र वॉर्डावर ठरत होती, अंतरावर नाही. पैशासाठी बोलणारा माणूस तक्रार वाढवून सांगेल; पण आपल्या घराच्या अंतराच्या प्रमाणात, शहरभरच्या अनोळखी लोकांशी मेळ घालून ती वाढवणं कुणाला जमेल? आणि ज्यांनी तक्रारी सांगितल्या त्यांची फुंकही खरोखर कमी भरली. तोंडाने सांगितलेलं आणि यंत्राने मोजलेलं जुळलं. श्वासाच्या तक्रारीला हा पडताळा मिळाला. मनाच्या तक्रारीला असं यंत्र नाही, म्हणून तिथे अंतर, तुलना आणि मुलाखत यांवरच जास्त भार पडतो.

याच आयोगाच्या संशोधकांनी लोकांना ती रात्रही विचारली. कुठे होतात, किती वेळ होतात, धावलात की चालत गेलात. धावणारा जास्त श्वास घेतो, म्हणजे त्याच्या छातीत जास्त विष गेलं असणार, असा हिशेब. हिशेब पटण्यासारखा आहे, पण दहा वर्षांनी विचारलेला. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की आठवण प्रश्नाच्या शब्दाने हलते. मोटारींची टक्कर दाखवणारी फिल्म पाहिलेल्या विद्यार्थ्यांना गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं, की आठवड्याने त्यांच्यातल्या ५० पैकी १६ जणांना फुटलेली काच आठवली. नुसतं 'लागल्या' असं विचारलं त्या गटात ७ जणांना. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. भोपाळच्या माणसाने तर ती रात्र पोलिसांना, वकिलांना, दावा न्यायालयाला, पत्रकारांना पुन्हा पुन्हा सांगितलेली. दहाव्यांदा सांगताना तो त्या रात्रीची आठवण सांगतो की नवव्या वेळच्या सांगण्याची? म्हणूनच धावण्याच्या उत्तरापेक्षा घराचा पत्ता जास्त भरवशाचा. पत्ता स्मरणावर अवलंबून नसतो.

जे विचारलंच नाही त्याची गोष्ट आणखी वेगळी. सुरुवातीच्या सरकारी फॉर्मांवर डोळे होते, छाती होती. बायकांच्या पाळीच्या, गर्भाशयाच्या तक्रारींना जागा नव्हती. १९८५ च्या सुरुवातीला डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल यांनी गॅसपीडित वस्त्यांत जाऊन बायकांना हे विचारलं, तपासलं आणि स्त्रीरोगांची साथच आहे असं सांगितलं. विचारणारी बाई होती, बसून ऐकणारी होती, म्हणून उत्तरं आली. राणी बंग यांनी पुढे गडचिरोलीत हाच धागा धरला. १९८९ च्या 'लॅन्सेट'मधला त्यांचा अभ्यास जगभर गाजला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के जणींनी काही तक्रार आहे असं सांगितलं. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट पाहावं. भोपाळवर संशय होता की लोक जास्त सांगतात. गडचिरोलीत उलट निघालं. सोसायचंच असतं अशी सवय झालेली बाई तक्रारीला तक्रार म्हणतच नाही, आणि मग उत्तम छापलेली प्रश्नावलीसुद्धा तिला निरोगी ठरवून मोकळी होते.

कुणाला विचारलं यावर आकडा कसा बदलतो, हे भोपाळमधल्या मनाच्या आजारांच्या आकड्यांतही दिसतं. दवाखान्यात येणारे लोक म्हणजे शहर नव्हे, म्हणून लखनौच्या गटाने पुढे घरोघरी पाहणी केली. पहिल्या वर्षी १,२०१ कुटुंबं, ४,०९८ प्रौढ. त्यांत ३८७ रुग्ण, म्हणजे हजारी ९४. दवाखान्यातल्या २२.६ टक्क्यांच्या निम्म्याहूनही कमी, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. या ३८७ मध्ये ७१ टक्के स्त्रिया. ८३ टक्के १६ ते ४५ या वयातले. बहुतेकांना नैराश्य किंवा चिंता. वेडाचे म्हणावेत असे आजार दवाखान्यातल्या पाहणीतही क्वचितच निघाले होते.

या पाहण्यांचा लगेच झालेला उपयोग म्हणजे भोपाळमधल्या पन्नासेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना दिलेलं मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण. रुग्णाला काय विचारायचं, कसं ऐकायचं, कधी थांबायचं. आपत्तीनंतर मनाची पाहणी करायची असते ही कल्पना आपल्याकडे इथूनच रुजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात मानसिक आरोग्याचा जो दीर्घ अभ्यास झाला तो याच वाटेवरचा.

आयसीएमआरने भोपाळमध्ये दीर्घकाळ पाठपुरावा करण्यासाठी मोठी यादी केली होती. गॅसग्रस्त भागातले ८०,०२१ आणि तुलनेच्या भागातले १५,९३१ लोक. त्याच माणसाला वर्षानुवर्षं तेच विचारत राहायचं, हा प्रश्नावलीचा सर्वात कष्टाचा आणि सर्वात मोलाचा उपयोग. परिषदेचे प्रकल्प १९९४ मध्ये आवरले गेले. पुढे काम राज्य सरकारच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे गेलं आणि २०१० मध्ये भोपाळमध्ये पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिल्यावर तिच्याकडे. दरम्यान यादीतली माणसं गळत गेली. काही वारली, काही भाड्याची खोली बदलून गेली, काही शहर सोडून. गळतीचं एक कारण आपल्या समाजात अगदी ठरलेलं असतं, ते म्हणजे लग्न. वस्तीतला मुलगा त्याच पत्त्यावर राहतो, मुलगी विदिशेला, सीहोरला, कुठेही जाते आणि तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं जातं. ज्या वयाच्या बायकांत मनाचा आजार सर्वाधिक सापडला होता, त्यातल्या धाकट्या मुली अशा रीतीने यादीतून आधी जातात. मागे राहिलेल्यांचा आकडा त्यामुळे दरवर्षी थोडा बरा दिसू शकतो, एकही माणूस बरं न होता.